आधी आधार, मग उतार, मग धार!

लेथवर लाकडी वाडगा कातू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

प्रतिनिधी

मराठी स्वयंपाकघरातील लाटणे, पाळण्याचे नक्षीदार खांब, चौरंगाचे पाय आणि मुलांच्या हातातील भोवरा या सगळ्या वस्तूंचे मूळ एकाच कृतीत आहे. लाकूड गोल फिरत राहते आणि कारागीर त्यावर हत्यार टेकवून त्याला आकार देतो. या कामाला कातकाम आणि ते करणाऱ्याला कातारी असे मराठीत फार पूर्वीपासून म्हटले जाते. आज हा शब्द कानावर क्वचित पडतो. मात्र टेबलावर मावणारे, घरगुती विजेवर चालणारे छोटे लेथ आता बाजारात मिळतात आणि सुटीच्या दिवशी हाताने काही घडवावे असे वाटणाऱ्या शहरी माणसाला या यंत्राची भुरळ पडते. अशा हौशी कातार्‍याच्या मनात पहिली वस्तू ठरलेली असते. ती म्हणजे लाकडाचा वाडगा.

वाडगा दिसायला सोपा असतो. ना सांधा, ना खिळा, ना बिजागरी. पण पहिल्याच दिवशी बहुतेकांना एक धक्का बसतो. हत्यार लाकडात एकाएकी रुतते, मोठा आवाज होतो, वाडग्याच्या काठाचा तुकडा उडतो किंवा अख्खा ठोकळाच पकडीतून सुटतो. हाताला जोर कमी पडला, असा समज करून घेऊन नवशिका पुढच्या वेळी मूठ अधिक आवळतो, आणि धक्का अधिक मोठा बसतो. वास्तविक या कामात जोराला फारसे स्थान नाही. लाकडाच्या तंतूंची दिशा, हत्यार टेकवण्याचा क्रम आणि त्याची धार या तीन गोष्टी कळल्या की वाडगा निर्धोकपणे होतो. त्या कळण्याआधी यंत्र सुरू केले तर गाठ तोंडावर येणाऱ्या ठोकळ्याशी असते.

लाटणे वेगळे, वाडगा वेगळा

पुणे, पिंपरी वा ठाण्याच्या कारखान्यांतील 'टर्नर' ज्या लेथवर काम करतो, त्यात कापणारे हत्यार यंत्रालाच घट्ट आवळलेले असते. लाकडाच्या लेथवर ते कारागिराच्या हातात असते. समोर फक्त एक लोखंडी टेकण असते, ज्याला 'टूलरेस्ट' म्हणतात. त्यामुळे धातूच्या लेथवर वर्षानुवर्षे हात बसलेल्या माणसालाही लाकूड कातताना नव्याने शिकावे लागते.

लाकडाच्या कातकामाचेही दोन प्रकार आहेत. लाटणे कातताना लाकडाचे तंतू यंत्राच्या आसाला समांतर असतात. हत्यार कुठेही टेकवले तरी त्याच्यासमोर तंतूंची आडवी बाजूच येते. वाडग्यात तंतू आसाला काटकोनात असतात. त्यामुळे ठोकळ्याच्या प्रत्येक फेऱ्यात हत्यारासमोर दोनदा तंतूंची बाजू येते आणि दोनदा त्यांची टोके येतात. ठोकळा मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर टोकांशी ही गाठ मिनिटाला २००० वेळा पडते. बाजू मऊपणे कापली जाते, टोके मात्र कापली न जाता उपटली जाण्याची शक्यता असते. वाडग्यावर समोरासमोरच्या दोन जागी दिसणारे खरबरीत पट्टे हे त्याचेच लक्षण होय.

यावरचा उपाय कातण्याच्या दिशेत आहे. बाहेरील बाजू कातताना हत्यार तळाकडून काठाकडे न्यावे आणि आतील बाजू कातताना काठाकडून तळाकडे. कारण सरळ आहे. तळाजवळचे तंतू आखूड असतात, काठाकडचे लांब. आखडाकडून लांबाकडे गेले की कापल्या जाणाऱ्या प्रत्येक तंतूला त्याहून लांब तंतूचा टेकू मिळतो. उलट दिशेने गेल्यास तो टेकू नाहीसा होतो आणि तंतू सालपटासारखे उचकटतात. आतल्या बाजूला हेच गणित उलटे होते, म्हणून दिशाही उलटी.

लाकूड कोणते घ्यावे?

पहिला वाडगा लहान असावा. साधारण १५ सेंटिमीटर रुंद आणि ६ ते ७ सेंटिमीटर जाड असा चांगला वाळलेला, गाठ वा भेग नसलेला ठोकळा पुरतो. लाकडाच्या वखारीत किंवा सुताराकडे असा तुकडा मिळू शकतो. त्याचे कोपरे करवतीने उडवून तो निदान अष्टकोनी करून घ्यावा. चौकोनी ठोकळा थेट लेथवर चढवला तर फिरताना त्याचे चार कोपरे डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोटे तेथे जाऊ शकतात.

आपल्याकडे शिकण्यासाठी आंबा सोयीचा आहे. तो फार कठीण नसतो, महाग नसतो आणि कधी कधी बुरशीमुळे उमटलेल्या काळसर रेषांनी त्याला अनपेक्षित देखणेपणही येते. फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळेधमक असते आणि उजेडात काही काळाने तपकिरी होते. शिसव घट्ट, वजनदार आणि देखणी, पण तिची धूळ अनेकांच्या त्वचेला व श्वासाला सोसत नाही. सागवानात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे हत्याराची धार लवकर जाते. कडुनिंबाची कडू धूळ घशात उतरते. बिब्ब्याच्या झाडापासून तर दूरच राहावे, त्याचा चीक अंगावर फोड आणतो. कण्हेर विषारी असल्याने तिच्या लाकडाचे भांडे करू नये. आंबा आणि काजू हेही बिब्ब्याच्याच कुळातले. त्यांचा ताजा चीक काहींच्या त्वचेला त्रास देतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

शहरात पावसाळ्यात झाडे उन्मळून पडतात, फांद्या छाटल्या जातात आणि ते लाकूड पाहून हौशी कातार्‍याला मोह होतो. पडलेले लाकूड संबंधितांना विचारून घेण्यात गैर नाही. मात्र उभ्या झाडाला हात लावण्यापूर्वी परवानगी आवश्यक असते. महाराष्ट्रातील नागरी भागांत झाडे तोडण्यावर १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाचे नियंत्रण आहे, मग झाड स्वतःच्या अंगणातले का असेना.

ओल्या ओंडक्यातून ठोकळा काढायचा असेल तर ओंडका उभा चिरून दोन फाळ्या कराव्यात आणि खोडाचा अगदी मधला भाग काढून टाकावा. तो ठेवला तर वाळताना तेथूनच तडा जातो, हे जवळजवळ ठरलेले. कापलेल्या टोकांना लगेच मेण किंवा रंगाचा थर द्यावा, कारण लाकडातील पाणी टोकांतून सर्वांत वेगाने निघून जाते.

ठोकळा पकडणे

वाडगा दोनदा पकडावा लागतो. प्रथम जी बाजू पुढे पोखरली जाणार आहे, तिच्यावर 'फेसप्लेट' नावाची लोखंडी तबकडी स्क्रूने बसवतात. स्क्रूची भोके पोखरताना नाहीशी होतात, त्यामुळे त्यांची काळजी नसते. मात्र स्क्रू जाड आणि दणकट असावेत. जिप्सम बोर्डासाठी वापरतात ते काळे, बारीक स्क्रू ठिसूळ असतात आणि धक्क्यात तुटतात. दुसऱ्या टोकाने यंत्राचा सरकता भाग, म्हणजे 'टेलस्टॉक', ठोकळ्याला टेकवून ठेवावा. जोवर तो कामाच्या आड येत नाही तोवर त्याचा आधार सोडू नये.

या अवस्थेत बाहेरचा आकार आणि तळाशी एक छोटी गोल खुंटी कातून घ्यायची. पुढे वाडगा उलटा करून ही खुंटी चार जबड्यांच्या 'चक'मध्ये धरायची असते. १५ सेंटिमीटरच्या वाडग्याला साधारण ५ सेंटिमीटर व्यासाची खुंटी पुरते. तिची बाजू जबड्यांच्या उताराला जुळेल अशी किंचित तिरपी हवी आणि खुंटीभोवतीचा खांदा जबड्यांच्या तोंडावर सपाट टेकला पाहिजे. खुंटीचे टोक चकच्या तळाला लागत असेल तर खांदा टेकत नाही आणि वाडगा डुगडुगतो. अनेक अपघातांचे मूळ हत्यारात नसून या घाईत केलेल्या खुंटीत असते.

वेगाचे गणित

लेथचा वेग ठरवण्यासाठी कातार्‍यांमध्ये एक ठोकताळा रूढ आहे. ठोकळ्याचा इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान राहावा. ६ इंचाच्या ठोकळ्याला त्यानुसार १००० ते १५०० फेरे येतात, तर १० इंचाच्या ठोकळ्याला ६०० ते ९००. मात्र हा हिशेब ठोकळा गोल आणि समतोल झाल्यानंतरचा आहे. सुरुवातीला ठोकळा वेडावाकडा असताना वेग याच्या निम्मा किंवा त्याहून कमी ठेवावा आणि यंत्र थरथरू लागले की आणखी कमी करावा.

हे आकडे कागदावर किरकोळ वाटतात. पण १५ सेंटिमीटरचा ठोकळा मिनिटाला १००० फेरे घेताना त्याचा काठ ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने धावत असतो. २५ सेंटिमीटरचा ठोकळा त्याच फेऱ्यांवर ठेवला तर काठाचा वेग ताशी ४७ किलोमीटर होतो. व्यास वाढला की वेग उतरवायचा, हा नियम म्हणूनच पाठ असावा. प्रत्येक वेळी यंत्र सुरू करण्यापूर्वी ठोकळा हाताने एकदा पूर्ण फिरवून तो टूलरेस्टला कुठे लागत नाही ना, हे पाहावे आणि बटण दाबताना ठोकळ्याच्या रेषेतून बाजूला उभे राहावे.

हत्यार आणि तीन शब्दांचा मंत्र

वाडग्यासाठी मुख्य हत्यार एकच. ते म्हणजे खोल पन्हळ असलेली गोल पटाशी, जिला 'बोल गाऊज' म्हणतात. जाड पोलादी सळईत ती पन्हळ कोरलेली असते. तिच्यासारखीच दिसणारी पण रुंद, पातळ पत्र्याच्या अर्धनळीसारखी दुसरी एक गाऊज हत्यारांच्या संचात हमखास असते. ती लाटण्यासारख्या लांब कामाचे कोपरे उडवण्यासाठी असते. मुठीत शिरणारे तिचे शेपूट अरुंद असते आणि वाडग्यावर ती रुतली तर तेथूनच मोडते. नवशिक्यांनी करू नये अशा चुकांच्या यादीत या हत्याराचा वाडग्यावर वापर बराच वर असतो.

आता मुख्य मुद्दा. गाऊजच्या धारेमागे घासून केलेला एक तिरपा भाग असतो. त्याला उतार म्हणू. कातण्याचा सगळा क्रम तीन शब्दांत मावतो. आधार, उतार, धार.

प्रथम आधार. हत्यार लाकडाला लागण्यापूर्वी टूलरेस्टवर टेकलेले असले पाहिजे. फिरत्या लाकडावर अधांतरी धरलेले हत्यार लाकडाचा पहिला स्पर्श होताच खाली आपटते आणि बोट मध्ये असेल तर चिरडते.

मग उतार. हत्याराची मूठ खाली ठेवून उताराची मागची कड लाकडावर अलगद टेकवायची. या क्षणी काहीच कापले जात नाही, फक्त घासल्याचा आवाज येतो. हा आवाज येणे आवश्यक आहे.

शेवटी धार. मूठ हळूहळू वर उचलत गेले की एका बिंदूला धार लाकडाला भिडते आणि पहिली पातळ फीत निघते. तेथे थांबायचे आणि मूठ कमरेशी टेकवून हात न हलवता सगळे शरीर बाजूला झुकवत हत्यार पुढे न्यायचे. उतार मागून लाकडाला टेकलेला असल्याने धार ठरावीक खोलीपलीकडे शिरू शकत नाही.

हा क्रम चुकला की सुरुवातीला सांगितलेला धक्का बसतो. उताराचा टेकू नसताना धारेचा कोपरा लाकडाला लागला, तर फिरते लाकूड त्या कोपऱ्याला धरून खाली खेचते. हत्यार टूलरेस्टवर गिरकी घेते आणि आणखी खोल रुतते. हे सगळे डोळ्याची पापणी लवण्याआत घडते. मूठ कितीही घट्ट असली तरी मोटारीच्या जोराला ती पुरी पडत नाही. घट्ट मुठीने उलट हाताला कंप कळेनासा होतो. म्हणून जाणकार कातारी हत्यार हलके धरतो.

धार म्हणजे निम्मे काम

नवे हत्यार दुकानातून आले म्हणजे धारदार आहे, असे समजू नये. वाडग्याच्या गाऊजला साधारण ५५ ते ६० अंशांचा उतार देतात. घरगुती कामासाठी मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेणारा संथ ग्राइंडर बरा, कारण जलद दगडावर नवशिक्याच्या हातून आकार बिघडतो. प्रत्येक वेळी उतार तसाच राहावा यासाठी हत्यार एकाच कोनात धरून ठेवणारी पकड मिळते. सुरुवातीला ती घेण्यात कमीपणा नाही.

धार कधी लावायची, हे लाकूडच सांगते. लांब फिती निघत असतील तर धार शाबूत आहे. भुसा पडू लागला, हात आपोआप जोर लावू लागला, की धार गेली. एका वाडग्यासाठी पाच-सहा वेळा ग्राइंडरकडे जावे लागणे हे अगदी सामान्य आहे. लेथ घेताना याचा खर्च अनेकांच्या हिशेबात नसतो. ग्राइंडर, चक, गाऊज, तोंडावरची ढाल आणि मुखवटा यांवर मिळून यंत्राइतकाच खर्च होऊ शकतो.

आतली बाजू

बाहेरचा आकार झाला की वाडगा उलटा करून खुंटी चकमध्ये आवळायची आणि टूलरेस्ट तोंडासमोर आडवा आणायचा. हत्यार मध्याच्या डाव्या बाजूलाच चालवायचे, कारण तेथे लाकूड खाली येते आणि हत्याराला टूलरेस्टवर दाबते. उजव्या बाजूला लाकूड वर जात असते, ते हत्यार उचलून फेकते.

आत शिरतानाचा पहिला क्षण नाजूक असतो. तेथे उताराला टेकायला अजून जागा नसते आणि हत्यार काठावरून बाहेर घसरते. यासाठी पन्हळीचे तोंड पूर्णपणे मध्याकडे वळवून अगदी हळू शिरकाव करावा. एकदा छोटा खांदा तयार झाला की उतार त्यावर टेकतो आणि पुढचे काम सुरळीत होते. काठाची जाडी प्रथम पुरी करावी आणि मग टप्प्याटप्प्याने खाली जावे. तळ पोखरून झाल्यावर पुन्हा काठाकडे वळू नये. मधले लाकूड गेल्यावर पातळ काठ लवचिक होतो आणि हत्याराला लागताच थरथरतो.

खोलीचा हिशेब डोळ्यांवर सोडू नये. समजा वाडग्याची उंची ६० मिलिमीटर आहे. त्यात ६ मिलिमीटर खुंटी आहे आणि तळ ९ मिलिमीटर जाड ठेवायचा आहे. तर आतील खोली ४५ मिलिमीटर झाली की थांबायचे. मध्यभागी तेवढ्या खोलीचे एक भोक आधीच पाडून ठेवले की ते भोक नाहीसे होणे हीच खूण ठरते. हे न केल्याने तळाला आरपार भोक पडून वाडग्याचे नरसाळे होते. असा प्रसंग प्रत्येक कातार्‍याच्या खाती एकदा तरी जमा असतो.

शेवटी वाडगा पुन्हा उलटा करून, लाकडी गोलाकार ठोकळ्यावर कापड ठेवून त्यावर पालथा टेकवतात, टेलस्टॉकने दाबतात आणि खुंटी कातून टाकतात.

लाकूड मेले तरी हलते

ताज्या लाकडातील पाण्याचे वजन कधी कधी कोरड्या लाकडाच्या वजनाहूनही जास्त असते. पेशींच्या पोकळीतील पाणी आधी निघून जाते, तेव्हा आकार बदलत नाही. आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास खाली आली की पेशींच्या भिंतींतील पाणी निघू लागते आणि लाकूड आक्रसते. पण ते सगळीकडे सारखे आक्रसत नाही. खोडाच्या वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने ते जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मे मध्यापासून सालीच्या दिशेने आक्रसते आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणून ओल्या लाकडातून काटेकोर गोल कातलेला वाडगा काही आठवड्यांत लंबगोल होतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे दोनदा कातणे. प्रथम भिंत व्यासाच्या दहाव्या भागाइतकी जाड ठेवायची, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या वाडग्याला अडीच सेंटिमीटर. मग तो स्वतःच्याच भुशासह कागदी पिशवीत ठेवून काही महिने सावकाश वाळू द्यायचा. वाकून झाला की पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. दुसरा मार्ग म्हणजे भिंत सुरुवातीलाच सगळीकडे सारखी, ५-६ मिलिमीटर पातळ ठेवायची आणि वाडगा वाकेल तसा वाकू द्यायचा. पातळ भिंत वाकते पण सहसा फुटत नाही. जाडी असमान असेल तर मात्र तडा ठरलेला.

कोकण, मुंबईच्या दमट हवेत वाळणे संथ असते, देशावरच्या उन्हाळ्यात ते झपाट्याने होते. एप्रिल-मे महिन्यांत कातलेला ओला वाडगा पंख्याखाली वा उन्हात ठेवणे म्हणजे तड्याला आमंत्रणच.

पॉलिश, तेल आणि लाख

पॉलिश पेपर १२० पासून सुरू करून १८०, २४०, ३२० असा क्रमाने वापरावा. मधली पायरी गाळली तर आधीचे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. खरबरीत पट्टे घासून घालवण्याच्या नादात तास जातो आणि हवेत धूळ भरते. त्यापेक्षा धार लावून एक शेवटचा हलका हात फिरवणे केव्हाही बरे.

खाद्यपदार्थांच्या वाडग्याला जवसाचे किंवा अक्रोडाचे तेल चालते, कारण ही तेले हवेत वाळून घट्ट होतात. शेंगदाण्याचे वा खोबऱ्याचे तेल वाळत नाही, काही काळाने खवट वास येतो. अक्रोडाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ते टाळावे. खाण्यायोग्य दर्जाचे द्रव पॅराफिन आणि मधमाश्यांचे मेण हा आणखी एक साधा पर्याय. वाडगा पाण्यात भिजत ठेवू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही.

आपल्याकडची जुनी रीत लाखेची. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी व फळे प्रसिद्ध आहेत. कर्नाटकातील चन्नपट्टण आणि आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाक येथे लेथवर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. चन्नपट्टणला त्यावर केवड्याच्या जातीचे पान फिरवून चकाकी आणतात. तेथे वापरले जाणारे लाकूड आपल्याकडच्या काळ्या कुड्याचे. वेगळे रंगकाम न करता यंत्रावरच रंग, थर आणि चकाकी एकाच बैठकीत आणणारी ही पद्धत वाडग्यालाही लागू पडते.

कला जुनी, शिकणारे नवे

इजिप्तमधील पेटोसिरिसच्या थडग्यात, इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास कोरलेल्या चित्रात लेथवर काम करणारी माणसे दिसतात. एक जण दोरी ओढून लाकूड फिरवतो, दुसरा हत्यार धरतो. भारतातही दोरीने वा कमानीने मागेपुढे फिरणारा, जमिनीवर बसून चालवायचा लेथ शतकानुशतके वापरात होता. इंग्लंडमध्ये बर्कशायर परगण्यातील जॉर्ज लेली हा पायाने चालणाऱ्या लेथवर वाडगे कातून पोट भरणारा शेवटचा कारागीर मानला जातो. एका ठोकळ्यातून एकात एक बसणारे अनेक वाडगे तो काढत असे. १९५८ मध्ये त्याचे निधन झाले. त्याचा लेथ आज रेडिंग येथील ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात आहे. त्यानंतर तीन दशकांच्या आत, १९८६ मध्ये, अमेरिकेत हौशी व व्यावसायिक कातार्‍यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून संपत आलेले काम छंद म्हणून पुन्हा उभे राहिले, ते असे.

फरक एवढाच, की लेलीसारखा कारागीर लहानपणापासून वडीलधाऱ्यांशेजारी उभा राहून शिकत असे. आजचा नवशिका पडद्यावर पाहून एकट्याने शिकतो. पडद्यावर फिती उडताना दिसतात, पण उतार लाकडाला टेकल्याचा दाब हाताला कळत नाही. म्हणूनच शक्य असेल तर पहिले दोन-तीन दिवस एखाद्या जाणत्या कातार्‍याशेजारी उभे राहावे.

चौकट : यंत्र सुरू करण्यापूर्वी

* चष्मा पुरेसा नाही. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल लावावी.
* ओढणी, पदर, सैल बाह्या, गळ्यातील माळ, मनगटावरचा गंडा, अंगठी आणि हातमोजे काढून ठेवावेत. लांब केस बांधावेत.
* टूलरेस्ट सरकवायचा तो यंत्र पूर्ण थांबवूनच. तो लाकडाच्या जवळ, पण न लागता असावा.
* जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. धूळ रोखणारा चांगला मुखवटा घासताना तरी वापरावाच.
* तेल लावताना फिरत्या वाडग्यावर कापड धरू नये, ते गुंडाळले जाऊन बोट ओढते. सहज फाटणारा टिश्यू पेपर वापरावा.
* जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा स्वतःहून तापून पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात.
* भेगा असलेला ठोकळा लेथवर चढवू नये. फिरताना टकटक आवाज आला तर लगेच बाजूला होऊन यंत्र बंद करावे.
* सदनिकेत लेथ बसवायचा तर अर्थिंग तपासून घ्यावे आणि यंत्राखाली जाड रबर घालावे. शेजाऱ्यांची झोपही महत्त्वाचीच.

पहिल्या वाडग्याचे काय करायचे?

पहिला वाडगा झाला की तो घरात सगळ्यांना दाखवावासा वाटतो आणि ते योग्यच आहे. पण जुन्या जाणत्यांचा एक सल्ला ऐकण्यासारखा आहे. तो वाडगा करवतीने मधोमध चिरावा आणि त्याची कापलेली बाजू पाहावी. बाहेरून सुबक वाटणारी भिंत काठाशी पातळ, पोटाशी जाड आणि तळाशी दगडासारखी घट्ट निघते. कुठे हत्यार थबकले, कुठे दिशा चुकली, कुठे भीतीने लाकूड तसेच राहिले, याचा सगळा लेखाजोखा त्या छेदात असतो. बोटांनी चाचपून कळत नाही ते तेथे एका नजरेत कळते.

हाताने केलेली पहिली वस्तू कापून टाकणे जड जाते. ज्याला तेवढे जमते, त्याच्या दुसऱ्या वाडग्याची भिंत मात्र काठापासून तळापर्यंत एकसारखी उतरू लागते. तो वाडगा घरात ठेवावा, त्यात शेंगदाणे घालावेत. चिरलेल्या पहिल्या वाडग्याच्या दोन फोडी लेथमागच्या भिंतीवर टांगून ठेवाव्यात. पुढच्या वेळी हत्यार उचलताना नजर त्यांच्यावर जातेच.